दीना सिस्टरांची फेरी

दीना सिस्टर बोलता बोलता एकदम हात वर करायच्या. वाक्य अर्धं, तोंड उघडं आणि उजवा तळवा हवेत. समोरची पंधरा-वीस माणसं आपोआप गप्प व्हायची. सिस्टर मान जराशी कलती करून कसला तरी कानोसा घ्यायच्या आणि मग काही घडलंच नाही अशा थाटात, अर्धं सोडलेलं वाक्य नेमकं त्याच शब्दापासून पुढे न्यायच्या. एका फेरीत असं चार-पाच वेळा तरी व्हायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भारावून गेलो होतो. वाटलं, गल्ली सोडून गेलेल्या माणसांची चाहूल घेताहेत या बाई. फेरीला येणाऱ्या बहुतेकांना तसंच वाटायचं. एक गृहस्थ तर डोळे पुसत मला म्हणाले होते, "त्यांना अजून ऐकू येतात हो ती माणसं."

सिस्टरांना ऐकू यायचं ते वेगळंच होतं. ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

मी मूळचा संगमनेरचा. नगरच्या एका शाळेत इतिहास शिकवायला आलो आणि इथलाच झालो. आम्ही दोघातिघा शिक्षकांनी रविवारच्या पायी फेऱ्या सुरू केल्या होत्या. गाव चालत दाखवायचं, एवढाच हेतू. किल्ला झाला, वेशी झाल्या, मशिदी आणि मकबरे झाले. अशाच एका सकाळी कापड बाजाराच्या मागच्या अंगाला एका अरुंद गल्लीत शिरलो. एका दाराच्या चौकटीवर, उजव्या हाताला, बोटभर लांबीची पितळी डबी तिरकी ठोकलेली दिसली. जवळ जाऊन बघत होतो, तेवढ्यात वरच्या खिडकीतून आवाज आला.

"हात लावायचा असेल तर धुऊन या. आणि नुसतं बघायचं असेल तर आधी चष्मा पुसा. काच किती घाण आहे ती!"

मग बाई स्वतःच खाली आल्या. सत्तरीच्या, बुटक्या, पांढऱ्या सुती साडीचा पदर घट्ट खोचलेला, मनगटावरच्या घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला फिरवलेली. नेवासा, पाथर्डी, नगर अशी सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून उभी नोकरी केलेली. त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे.

"मेझुझा आहे तो," त्या म्हणाल्या. "आत कातड्यावर लिहिलेलं देवाचं वचन असतं. घरात शिरताना बोट लावायचं नि ओठाला टेकवायचं. या गल्लीत दहा दारांवर होते. नऊ जणांनी जाताना उचकटून बरोबर नेले, इस्रायलला. हा राहिला, कारण आम्ही राहिलो."

त्या दिवशी मी अर्धा तास उभ्याउभ्या ऐकलं. सिस्टर बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे ज्यू. पूर्वज कोकणातले, तेलाचा घाणा चालवणारे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. त्यांतले काही पलटणीबरोबर घाट चढून नगरला आले. मग कुणी पोस्टात लागलं, कुणी रेल्वेत, कुणी दवाखान्यात. गल्लीच्या टोकाला त्यांनी छोटंसं प्रार्थनालय बांधलं, निळ्या खिडक्यांचं. आडनावं कोकणातल्या गावांची, भाषा मराठी, जेवणात नारळाचं दूध आणि दारावर हिब्रू वचन. एकेक घर इस्रायलला गेलं. प्रार्थनालयाची झाडलोट आता सिस्टरच करत होत्या.

मी म्हटलं, "रविवारी माणसं घेऊन येऊ का? तुम्ही सांगाल?"

त्यांनी आतल्या बाजूची तबकडी बघितली. "आणा. पण चाळीस मिनिटं. एक्केचाळिसाव्या मिनिटाला मी निघून जाईन, राग मानायचा नाही."

सिस्टर त्या फेरीला राउंड म्हणायच्या आणि घ्यायच्याही तशीच, वॉर्डात घेतल्यासारखी. "ओळीत उभं राहा. मागचे पुढे या. तुम्हाला दिसत नाही तर सांगत का नाही? पेशंटने सांगितल्याशिवाय कळतं का कुणाला?" एखादा मोबाईलवर बोलू लागला की त्याचं मनगट धरून नाडी बघितल्यासारखं करायच्या आणि म्हणायच्या, "आहे जिवंत. मग इकडे लक्ष द्या." प्रार्थनालयात पुरुषांच्या डोक्यावर स्वतः शिवलेल्या टोप्या घालायच्या, बायकांना बाकावर बसवायच्या. कुठल्या बाकावर कोण बसायचं, कुणाचा सूर चिरका होता, कोण प्रार्थना चालू असताना पेंगायचा, सगळं सांगायच्या. नववर्षाला घराघरांत शिजणाऱ्या गव्हाच्या चिकाच्या हलव्याचा वास त्या असा सांगत, की ऐकणाऱ्याला भूक लागे. मलिद्याच्या विधीत एलियाहू नबीच्या, म्हणजे त्यांच्या प्रेषिताच्या, नावाने गोड पोह्यांचं ताट मांडतात, हे सांगताना म्हणायच्या, "नबी यायचा तेव्हा येईल, पोहे मात्र आम्ही गरमच खायचो."

फेरी प्रार्थनालय ते गल्लीचं तोंड एवढीच. दफनभूमी गावाबाहेर होती. तिच्याबद्दल त्या भरभरून सांगत, पण कोपऱ्यावर उभं राहून, हाताने दिशा दाखवून. लोक म्हणायचे, चला ना, रिक्षाने जाऊ. "तुम्ही जा," त्या म्हणायच्या. "मी इथूनच बरी."

एकदा त्यांचा हात असाच वर गेला आणि खालीच आला नाही. वरून टण टण टण असा स्टीलच्या ताटलीचा आवाज येत होता. खिडकीखाली केळी विकायला बसणाऱ्या शेवंताबाई ओरडल्या, "सिस्टर, वाजलं बगा वर! पळा!" सिस्टर पळाल्या. पंच्याहत्तरीच्या वाटेवरची बाई साडी गुडघ्यापर्यंत उचलून जिना चढत होती. लोक एकमेकांकडे बघत राहिले. मी वर गेलो.

खाटेवर त्यांचे थोरले भाऊ होते. सॉलोमन, म्हणजे सालूदादा. लष्कराच्या कचेरीत नकाशे काढणारा माणूस. अर्धांगाने उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. वाचेतला एकच शब्द उरला होता, "थांब." डाव्या हाताशी ताटली आणि चमचा. काही लागलं की वाजवायची.

"पाणी हवं तरी थांब, उशी हवी तरी थांब, देवाचं नाव घ्यायचं तरी थांब," सिस्टर चादर बदलता बदलता म्हणाल्या. "दोनदा माणूस ठेवून पाहिला. दोघांच्या अंगावर त्याने पाण्याचा तांब्या फेकला. मग मीच. ड्यूटी. ताटली ऐकू येते तिथपर्यंत माझं गाव. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत येते ऐकू. पलीकडे न्हाई येत." हे "न्हाई" त्या मुद्दाम शेवंताबाईंच्या सुरात म्हणाल्या आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

खाली आलो तेव्हा शेवंताबाई केळी निवडत होत्या. त्या पाथर्डीकडच्या. म्हणाल्या, "लई गुणाची बाई, सर. पर कवाधरनं ह्या गल्लीच्या भाईर पाऊल न्हाई. तिच्या मावसबहिनीच्या लेकीचं लगीन झालं पुण्यात, तितं बी गेली न्हाई. मी म्हनलं, जा, मी बसते. तर म्हनली, तुला त्यो वळखत न्हाई, घाबरंल."

माणसाला असं काही कळलं की त्याने काही करावं. मी काय केलं, तर फेरी वाढवली. दर महिन्याऐवजी दर रविवारी. पत्रकावर छापलं, "नगरच्या शेवटच्या ज्यू रहिवाशासोबत." सिस्टरांनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "शेवटच्या? वर एक आहे ना अजून. का तो मोजायचा नाही, चालत नाही म्हणून?" मी ओशाळलो, पण पत्रक बदललं नाही. लोक येत होते. पुण्याहून, मुंबईहून, कधी परदेशातून. प्रत्येकजण शेवटी तोच प्रश्न विचारायचा, "तुम्ही का नाही गेलात?" सिस्टरांचं ठरलेलं उत्तर होतं, "माझी ड्यूटी संपली नव्हती." त्यावर टाळ्या पडायच्या. टाळ्या पडल्या की त्या घड्याळ बघायच्या.

त्यांची धाकटी बहीण लिली अश्दोदला होती. इस्रायलमधलं समुद्रकाठचं शहर, असं सिस्टर सांगत. लिलीचा दर शुक्रवारी दिवा लावायच्या आधी फोन यायचा आणि दर फोनमध्ये ती म्हणायची, या, दोघंही या. इथे दादासाठी सोय आहे, खुर्ची आहे, रोज व्यायाम करून घेणारी माणसं आहेत. सिस्टर वर्षभर नुसतं ऐकत होत्या. मग एका शुक्रवारी त्या मला म्हणाल्या, "सर, गुडघ्यामुळे मला जिना चढवत नाही आता. मी आधी पडले तर त्याला कोण बघणार? कागद करू या."

कागद झाले. कुळाचे, जन्माचे, डॉक्टरांचे. पासपोर्टसाठी सालूदादांना खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून उतरवलं, तेव्हा किती तरी वर्षांनी त्यांनी आपली गल्ली बघितली. प्रार्थनालयाच्या निळ्या खिडक्यांकडे बोट करून ते मोठ्याने "थांब, थांब" म्हणाले आणि आम्ही खरंच थांबलो.

शेवटी उरली मुलाखत. जाऊ इच्छिणाऱ्यांची व्यवस्था बघणाऱ्या एका संस्थेचा माणूस मुंबईहून व्हिडिओवर बोलणार होता. लॅपटॉप माझा, म्हणून मी हजर. सिस्टरांनी सकाळीच दादांची दाढी केली, कोट चढवला. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर दादांचा डावा हात मुंबईपासून निघून समुद्रावरून सरकत इस्रायलच्या किनाऱ्याशी पुन्हापुन्हा जात होता. नकाशे काढणाऱ्या माणसाचं बोट, एकदाही चुकलं नाही. ते सकाळपासून हसत होते.

पडद्यावरचा तरुण त्यांच्यातलाच होता, मराठी बोलणारा, अदबशीर. म्हणाला, "काका, तुम्हाला स्वतःला जायचंय का?"

सालूदादा म्हणाले, "थांब."

"त्याला तेवढाच शब्द येतो," सिस्टर घाईघाईने म्हणाल्या. "पाण्यालाही तो तेच म्हणतो."

"कळतंय मावशी. पण मला त्यांचा होकार पाहिजे. पुन्हा विचारतो. काका, जायचंय?"

"थांब! थांब!" दादांनी माझं मनगट पकडलं आणि त्यावर थोपटायला लागले.

 मग तो तरुण मला म्हणाला, "सर, घरच्यांचं सांगणं मला धरता येत नाही. तुम्ही त्यांच्याकडे नेहमी येता ना? तुम्ही सांगा. काकांना प्रश्न कळलाय का? त्यांची इच्छा आहे का?"

आता मी जे लिहितो आहे ते सोपं नाही. दादांच्या "थांब"चे निरनिराळे सूर तोवर मला ओळखू येऊ लागले होते. भुकेचा वेगळा, दुखण्याचा वेगळा. हा होता तो हलव्याची वाटी समोर आली की निघायचा. खुशीचा. मला शंभर टक्के कळलं होतं. आणि त्याच क्षणी डोक्यात आलं की पुढच्या रविवारी दिल्लीहून माणसं येणार आहेत, वर्तमानपत्रवाले येणार आहेत, आणि या दोघांशिवाय ही गल्ली म्हणजे नुसत्या भिंती. मी ठरवून खोटं बोललो असं नाही. फक्त तोंडातून निघालं, "नक्की सांगता येणार नाही."

त्याने मान डोलावली. अर्ज तूर्त थांबवतो, म्हणाला. डॉक्टरांची समिती, पुन्हा तपासणी, असं काहीतरी सांगितलं. सिस्टरांनी पदराने दादांच्या तोंडाची लाळ पुसली, कोट उतरवला, हँगरला लावला. मला म्हणाल्या, "चहा घेऊन जा." मी घेतला. गोड होता.

दोन वर्षं गेली. समितीचं काहीच पुढे सरकलं नाही. सिस्टर राउंड घेत राहिल्या. त्यांची विनोदबुद्धी तशीच होती, फक्त मला "सर" म्हणताना मध्ये एक पाऊलभर जागा ठेवल्यासारखं वाटायचं. मी स्वतःची समजूत घालायचो की तो माझा भास आहे.

सालूदादा गेले ते रविवारीच. त्या दिवशी चांगली वीसेक माणसं होती. सिस्टर मलिद्याबद्दल सांगत होत्या. हात दोनदा वर गेला, दोन्ही वेळा वर शांत होतं, त्या समाधानाने पुढे बोलत गेल्या. त्या दिवशी ताटली एकदाही वाजली नाही म्हणून फेरी पन्नास मिनिटं चालली. लोकांनी फोटो काढले. त्या वर गेल्या आणि थोड्या वेळाने खिडकीत आल्या. खाली शेवंताबाईंना एवढंच म्हणाल्या, "शेवंता, लोकांना जायला सांग."

त्यांच्यात मृतासाठी कद्दिशची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात. पुण्याहून आठ आले. नववे आजारी होते, दहाव्यांची गाडी शिरूरजवळ बंद पडली. दफनभूमीत ऊन चढत होतं. आठांतले म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, "बाई, दहा नाहीत. स्तोत्रं म्हणू, कद्दिश नाही म्हणता येणार."  "दहा असते," सिस्टर म्हणाल्या, "तर हा इतकी वर्षं एकट्या बाईच्या गळ्यात पडला असता का? म्हणा स्तोत्रं." मग त्या स्वतः वाकून मूठभर माती टाकायला गेल्या आणि पहिल्यांदा त्यांना रडताना मी पाहिलं. आवाज न करता रडत होत्या. सवयीने मध्येच थांबून कानोसा घेत होत्या.

महिन्याभराने मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, मला काही सांगायचंय. मुलाखतीच्या दिवशीचं सांगितलं. दादांचा होकार मला कळला होता हेही, आणि मी तसं का बोललो हेही.

सिस्टर कपाटातले कपडे बांधत होत्या. हात थांबला नाही. "मला तेव्हाच कळलं होतं. मी पडद्याकडे नव्हते बघत. तुमच्या तोंडाकडे बघत होते."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? दादावर रागावता येत नव्हतं, तो पडलेला. लिलीवर नाही, ती लांब. राग धरायला तुम्ही हाती लागलात. खाली तुमच्याशी हसून बोलायचे आणि वर येऊन भाकरी थापताना तुम्हाला शिव्या घालायचे. दोन वर्षं घातल्या, सर. त्यानेच दिवस निघाले."

"माफ करा मला."

"ते अजून ठरवलं नाही मी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मी जाणार आहे. आता कुणाचा होकार लागत नाही. फेरी तुम्ही चालवा, प्रार्थनालयाला कुणी तरी दार उघडणारं हवं. पण या खिडकीखाली आलात की तुमचंही सांगायचं. आमचंच उघडं करून दाखवायचं आणि तुमचं झाकून ठेवायचं, असं नाही चालणार."

त्या गेल्या त्या सकाळी गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. सिस्टरांनी दारावरचा मेझुझा काढला नाही. शेवंताबाईंनी पिशवीभर केळी दिली. विमानात नेऊ देत नाहीत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मंग पुन्यापत्तुर खा." मला सिस्टरांनी बजावलं, "फोन मी करीन. तुम्ही करायचा नाही." टॅक्सी कोपऱ्यावरच्या खांबाच्या पुढे गेली आणि बाजाराच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

चार महिने फोन आला नाही. पहिले काही रविवार मी माझं सांगणं टाळलं. खिडकीखाली यायचो, सालूदादांचं सांगायचो आणि पुढे सरकायचो. पाचव्या की सहाव्या रविवारी मात्र उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. लोकांनी माना खाली घातल्या. त्यानंतर दर वेळी सांगतो. सवयीने सोपं होईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही.

मग एका रविवारी, फेरी आटोपून प्रार्थनालयाला कुलूप लावत असताना फोन आला.

"सर, दीना सिस्टर. आवाज येतोय?"

दादांच्या नावाने कद्दिश झालं, म्हणाल्या. तिथे दहा माणसं खालच्या मजल्यावरच मिळाली. मी विचारलं, लिलीताई कशा आहेत? समुद्र बघितला का?

"समुद्र आहे म्हणतात इथे जवळच," त्या म्हणाल्या. "लिलीचं डोकं काम करेनासं झालंय. फोनवर कळायचं नाही, तेच तेच बोलायची, मला वाटायचं आठवण काढते. गॅस सुरू ठेवते, दार उघडून निघून जाते. तिच्या मुलांना कामं आहेत. मला ओळखत नाही, नर्स ठेवलीय असं समजते. ते बरंय एका परीने. बहिणीचं तिने कधी ऐकलं नाही, नर्सचं ऐकते." त्या थोडं हसल्या. "हल्ल्याचा सायरन वाजला की तिला धरून जिन्यात बसते. चौथा मजला आहे. खाली उतरून महिना झाला."

 मी म्हटलं, "परत येता का?"

"आणि हिला कोण बघणार?" मग लगेच, वॉर्डात विचारल्यासारखं, "आज किती होते?"

"अठरा."

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"एक बाई म्हणाल्या, एवढं कळतंय तर तुम्ही ही फेरी बंद का करत नाही?"

"मग?"

"मला उत्तर देता आलं नाही."

 पलीकडे मागून कुणीतरी हाक मारली, सिस्टर म्हणाल्या, "लिली उठली, ठेवते," आणि फोन बंद झाला.

माफीचं त्यांनी ठरवलं की नाही, मला माहीत नाही. त्या बाईंना द्यायचं उत्तरही अजून सापडलेलं नाही. रविवारी सकाळी आठला मी गल्लीच्या तोंडाशी उभा असतो. माणसं येतात.